चांगुणाबायची बुटकी

माझ्या उजव्या हाताचा अंगठा आज धड आहे, तो चांगुणाबायमुळे. सही करताना कधी त्याच्याकडे लक्ष गेलं की ती आठवते, आणि तिने माझ्या मनगटावर मारलेली चापटही आठवते. मी तेव्हा कृषी सहाय्यक म्हणून मुरबाड तालुक्यात नुकताच रुजू झालो होतो. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. साताऱ्याकडचा मुलगा, शेतीची पदविका पहिल्या वर्गात, खिशाला दोन पेनं आणि मोटारसायकल नवीकोरी. एकूण अंगात मस्ती भरपूर होती.

सरळगावच्या अलीकडे, शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, मुंबईच्या एका शेठची मोठी बाग होती. आंबा थोडा आणि चिकू फार. त्या शेठच्या वडिलांनी कधीकाळी हौसेने विलायतेहून बोटीने दोन छोटे ट्रॅक्टर आणवले होते. खास बागेसाठी बनवलेले, उंचीला बैलापेक्षा कमी, एक माणूस जेमतेम बसेल एवढी पत्र्याची बैठक. चिकूच्या फांद्या जमिनीसरशी येतात, मोठा ट्रॅक्टर त्यांच्याखाली शिरत नाही. हे मात्र मान खाली घालून आरामात जात. गावाने त्यांचं नाव ठेवलं बुटकी. मी गेलो तेव्हा दोहोंपैकी एक बुटकी कधीच मेली होती आणि तिचे भाग काढून काढून दुसरी जिवंत ठेवली होती. हा उद्योग चांगुणाबायचा.

ती चाळिशी ओलांडलेली, काळीसावळी, बांध्याने आडवी बाई. गुडघ्यापर्यंत लुगड्याचा काष्टा आणि त्यावर पुरुषी खाकी सदरा. सदऱ्याच्या खिशात प्लगचा पाना. इतर बायका अंबाड्यात आकडा खोचतात, तिथे हिने तांब्याची बारीक तार खोचलेली असे. कार्बोरेटरच्या भोकात कचरा अडकला की अंबाड्यातून तार काढायची, भोक साफ करायचं, तार लुगड्याला पुसायची आणि परत अंबाड्यात. हे सगळं ती बोलता बोलता करायची, आणि बोलणं बहुतेक वेळा कुणाची तरी खरडपट्टी काढणारं असायचं.

पहिल्या भेटीत खरडपट्टी माझीच निघाली. नव्या यंत्रांच्या योजनेचे कागद घेऊन मी गेलो होतो. हे यंत्र आता जगात कुठे बनत नाही, सुटे भाग मिळत नाहीत, हे भंगारात काढून नवीन घेणं शहाणपणाचं आहे, असं मी चांगलं पाऊण तास समजावलं. ती बुटकीच्या चाकाशी बसून ऐकत होती. माझं झाल्यावर ती म्हणाली, भाऊसायेब, एवढं इंजिनाचं ज्ञान हाय, तर जरा चालू करून दाखवा. मी बाह्या सरसावल्या. समोर खोचायचं लोखंडी हँडल मी हाती घेतलं, मूठ घट्ट आवळली, आणि तेवढ्यात मनगटावर फाडकन चापट बसली.

"अंगठा आत नको," ती म्हणाली. "चारी बोटांच्या बाजूला ठेव. इंजिन उलटं फिरलं तर हँडल हातातून सुटून जाईल. अंगठा अडकला तर हात घेऊन जाईल."

रागाच्या भरात ती मला अरे-तुरे करून बसली होती. मला आधी अपमान वाटला आणि मग आपल्या पदविकेत हे कुणी शिकवलं नव्हतं याची लाज वाटली. अंगठा बाहेर ठेवून मी हँडल मारलं. चौथ्या फेऱ्याला बुटकी फट्‌फट करत उठली, आणि योजनेचे कागद मी पिशवीत घातले ते पुन्हा त्या बागेत काढलेच नाहीत.

ती बुटकीवर कशी बसली, याची हकिगत मला बागेतल्या जुन्या माळ्याने सांगितली. ट्रॅक्टर आले तेव्हा चालवायला म्हणून चांगुणाबायच्या नवऱ्याला नेमलं होतं. भला माणूस. पण तो त्या पत्र्याच्या बैठकीवर बसला की गुडघे हनुवटीला लागायचे, आणि रस्त्याने जाणारे लोक थांबून हसायचे. लेकराचं खेळणं चालवतो म्हणून त्याला चिडवायचे. दोन आठवड्यांत त्याने हात टेकले. त्याच्यानंतर बागेतल्या चार-पाच गड्यांना विचारलं, एकही तयार होईना. मर्दाने बसावं असं ते वाहनच नाही, असं सगळ्यांचं ठरलं. लग्न होऊन वर्षही न झालेली चांगुणा तेव्हा आळ्यांतलं गवत काढत होती. ती उठली, हात झाडले आणि बैठकीवर जाऊन बसली. लोक हसले. ती म्हणे त्यांच्याकडे पाहून म्हणाली, हसून घ्या, माजं चाललंय. नवरा पुढे वारला, तेव्हाही तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती बागेत हजर होती. तो दिवस मंगळवार होता, आणि मंगळवार हा बुटकीचा दिवस.

या मंगळवाराचं प्रकरण असं, की काम असो वा नसो, पाऊस असो वा उन्हाचा कडाका, दर मंगळवारी सकाळी बुटकी चालू झालीच पाहिजे. पाचच मिनिटं का होईना. पडून राहिलेलं इंजिन आतून गंजतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तिला ते हाताने ठाऊक होतं. आवाज ऐकायला ती वेताची एक काठी इंजिनाला टेकवायची आणि दुसरं टोक कानाला लावायची. काही वेळाने कपाळाला आठी पडे किंवा न पडे. आठी पडली की त्या दिवशी तिच्याशी कुणी बोलू नये.

सुटे भाग मिळत नाहीत हे माझं म्हणणं खोटं नव्हतं, पण तिचं त्याच्यावाचून अडत नव्हतं. दोन लोखंडी भाग जुळतात तिथून तेल गळू नये म्हणून मध्ये पातळ पुठ्ठ्याचं पॅकिंग लागतं. ते ती लग्नपत्रिकांचं करायची. पंचक्रोशीतली प्रत्येक पत्रिका तिच्या हातात आली की ती आधी दोन बोटांत धरून जाडी बघायची, मुहूर्त नंतर. गणपतीचा भाग कात्रीने वेगळा करून भिंतीला चिकटवायची, कारण त्याला तेलात बुडवणं बरं नव्हे. उरलेली पत्रिका लोखंडावर ठेवून कडेकडेने हातोडी ठोकत आकार कापायची आणि तेलात भिजत घालायची. एकदा किन्हवलीच्या एका बड्या घरचं लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत वरबापाने विचारलं, पत्रिका कशी वाटली. मोठ्या छापखान्यातून करून आणलेली, सोनेरी अक्षरांची पत्रिका होती. चांगुणाबाय म्हणाली, दिसायला झॅक, पण तेल धरत नाय. वरबाप घास हातात धरून बसला आणि मला ठसका लागला.

रंगावर तिचा राग होता. बुटकीचा मूळचा रंग कधीच उडाला होता. बागेत कुणी पाहुणा आला की म्हणायचा, छान रंगवून घ्या, नवी दिसेल. तिचं उत्तर ठरलेलं होतं. रंग लावला की गळती दिसत नाय. हे ती माणसांबद्दलही म्हणायची. नव्या सरपंचाबद्दल म्हणाली होती, आणि एकदा माझ्या नव्या सफारीकडे बघूनही.

पण बुटकीची खरी कळ होती ती तिच्या बंद करण्यात. ते इंजिन चालू पेट्रोलवर व्हायचं आणि गरम झालं की इंधनाच्या नळीवरचा कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं. दिवसभर काम रॉकेलवर. संध्याकाळी बंद करायच्या आधी कॉक परत पेट्रोलवर फिरवायचा आणि नळीतलं, कार्बोरेटरमधलं सगळं रॉकेल जळून जाईपर्यंत थांबायचं. तेवढा वेळ दिला नाही तर आत रॉकेल राहतं आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिन काही केल्या उठत नाही. दमलेला माणूस संध्याकाळी घराकडे डोळे लावून असतो. तेवढी पाच मिनिटं तो देत नाही. चांगुणाबाय द्यायची. कॉक फिरवून ती हातावर हात ठेवून उभी राहायची, आवाज बदलला की मान हलवायची आणि मग बंद करायची. ही पाच मिनिटं आजची नायत, उद्याची हायत, असं ती सांगायची.

ही गोष्ट न कळल्यामुळे एकदा बागेत रामायण घडलं. शेठ म्हातारे झाले, बागेवर नवे मॅनेजर आले. एका बाईच्या हाती यंत्र पाहून त्यांना कमीपणा वाटला. आधी त्यांनी भाड्याने मोठा ट्रॅक्टर आणला. त्याने दोन रांगा नांगरल्या आणि तेवढ्यात बहराच्या फांद्या मोडून आळ्यांत पाडल्या. मग बुटकीच चालवायची, पण शिकलेल्या माणसाने, असं ठरलं. कल्याणहून प्रमाणपत्रवाला ड्रायव्हर आणला आणि चांगुणाबायला गवत काढायला पाठवलं. ती विळा घेऊन गेली. मला वाटलं होतं ती भांडेल. मी तिच्या वतीने मॅनेजरशी बोलू का, असं विचारलं, तर माझ्याकडेच डोळे वटारले.

पहिल्या दिवशी ड्रायव्हरने बुटकी झोकात चालवली, संध्याकाळी रॉकेलवरच बंद केली आणि शीळ घालत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन ढिम्म. दुपारपर्यंत त्याने हँडल मारलं. मग चिडून प्लग काढला, आत पेट्रोल ओतलं, प्लग बसवला आणि मूठ आवळून जोराने हँडल मारलं. इंजिनाने एकच उलटा झटका दिला. त्याला मीच मोटारसायकलवर बसवून मुरबाडला डॉक्टरकडे नेलं. मनगट मोडलं होतं. वाटेत तो कळवळत विचारत होता, ती बाई हे कसं करते. अंगठ्याचं सांगायला आता उशीर झाला होता, तरी मी सांगितलं.

त्यानंतर दोन आठवडे बुटकी उभी होती आणि चांगुणाबाय तिच्यासमोरच्या रांगेत खाली मान घालून गवत काढत होती. शेवटी मॅनेजर स्वतः बांधावर आले. मी नेमका तिथे होतो. ते म्हणाले, उद्यापासून तू चालव, सोबत एक माणूस देतो, त्यालाही शिकव. ती उठली नाही. विळा चालवता चालवता म्हणाली,

"शिकवीन. चालू कोनीबी करा. बंद मी करीन."

मॅनेजरना यात काही विशेष वाटलं नाही, ते लगेच कबूल झाले. मला मात्र तिथेच कळलं की बाईने आख्खी बाग आपल्या हातात परत घेतली. त्या दिवसापासून मी तिला मावशी म्हणू लागलो.

पुढे माझी बदली शहापूरला झाली. तालुक्याच्या कचेरीत खुर्ची मिळाली आणि बांधावर जाणं कमी झालं. दोन हजार साल उलटलं तसा या सगळ्या पट्ट्यातल्या जमिनींना मुंबईकरांचे पाय लागले. शेठच्या नातवाने बाग विकली. चिकूची झाडं अर्धी गेली आणि तिथे खोल्या, पोहण्याचा तलाव, कमान असं रिसॉर्ट उभं राहिलं. नव्या मालकांना गोडाऊनमध्ये बुटकी दिसली आणि त्यांच्या डोक्यात कल्पना आली. कमानीशी चौथरा बांधायचा, बुटकीला लालभडक रंग द्यायचा, चाकं सिमेंटात पक्की करायची आणि भोवती फुलांच्या कुंड्या. इंजिन काढून टाकायचं, म्हणजे त्या जागी आणखी एक कुंडी बसेल.

पण बुटकीला गोडाऊनमधून काढून चौथऱ्यावर चढवायला चांगुणाबायच लागणार होती. तिला बोलावणं गेलं. ती जाईल असं मला वाटलं नव्हतं. ती गेली, आणि एकच अट घातली की इंजिनाला हात लावायचा नाही, ते आहे तसं राहील. मालकांनी हसून मान्य केलं. चाकं सिमेंटात गेल्यावर इंजिन असून काय आणि नसून काय, असा त्यांचा हिशेब असणार. नवरा वारला तेव्हाच्या मंगळवारची ती जुनी गोष्ट त्यांनी ऐकली असती तर तो हिशेब त्यांनी केला नसता.

समारंभाला मला आमंत्रण होतं. मी दुसऱ्या रांगेत खुर्चीवर बसलो होतो. लाल रंगात न्हालेली बुटकी फट्‌फट करत फळीवरून चौथऱ्यावर चढली, टाळ्या पडल्या, चांगुणाबायच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. ती बैठकीवरून उतरली नाही आणि इंजिनही बंद केलं नाही. पाहुणे भाषणाला उठले. माईकसमोर त्यांचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू येत होतं ते बुटकीचंच. कुणीतरी धावत गेलं आणि बंद करायला सांगितलं. ती म्हणाली, करीन, माज्या टायमाला. पाहुण्यांनी हातवारे करून भाषण संपवलं. मला मनातून विलक्षण आनंद झाला, आणि त्याच वेळी स्वतःची चीडही आली, कारण खाली गवंडी घमेल्यात सिमेंट कालवत होता आणि मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो. सगळे जेवायला वळल्यावर तिने कॉक पेट्रोलवर फिरवला, पाच मिनिटं थांबली, मान हलवली आणि इंजिन बंद केलं. मग शाल घडी करून बैठकीवर ठेवली आणि नारळ घेऊन घरी गेली. गवंड्याने चाकं सिमेंटात घेतली.

पुढच्या मंगळवारी सकाळी रिसॉर्टमधले पाहुणे फट्‌फट आवाजाने दचकून जागे झाले. कमानीशी, कुंड्यांच्या मधोमध, चांगुणाबाय इंजिनाला काठी लावून ऐकत उभी होती. व्यवस्थापक धावत आला. त्याने विचारलं, हे काय चाललंय. तिने शांतपणे सांगितलं, मंगळवार हाय. दुसऱ्या आठवड्यात त्याने टाकी रिकामी करून ठेवली. ती दोन बाटल्या घेऊन आली, लहान पेट्रोलची, मोठी रॉकेलची. तिसऱ्या आठवड्यात त्याने हँडल कचेरीत कुलपात ठेवलं. तिने घरून दुसरं हँडल आणलं. मेलेल्या बुटकीचे भाग तिने इतकी वर्षं माळ्यावर जपून ठेवले होते, हे त्याला बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार. शेवटी त्याने डोकं चालवलं आणि तिला म्हणाला, रविवारी गर्दी असते, तेव्हा येत जा, छान नऊवारी नेस, लोक फोटो काढतील. ती म्हणाली, रविवारी मला काम हाय. मग त्याने नाद सोडला. रखवालदार गावचाच होता. मंगळवारी तो तिच्यासाठी आपणहून फाटक उघडू लागला.

हे मी ऐकलं होतं, पाहिलं मात्र फार उशिरा. सरकारी कामाने मुरबाडला निघालो होतो, मंगळवार होता, सकाळची वेळ होती. कमानीशी गाडी थांबवली. चांगुणाबाय चौथऱ्यावर होती. केस पांढरे झाले होते, अंबाड्यात तार तशीच होती. लाल रंग पापुद्रे सुटून उडायला लागला होता आणि तिने तो काही ठिकाणी स्वतःच खरवडून काढला होता, गळती दिसावी म्हणून. हातात हँडल होतं, पण खांदा उचलत नव्हता. दोन फेरे मारून ती थांबत होती, दम खात होती. मला पाहून हसली नाही. भाऊसायेब, बरे आलात, एवढंच म्हणाली आणि हँडल माझ्यापुढे धरलं.

मी बूट काढून चौथऱ्यावर चढलो. हँडल घेतलं. तिने आधी माझ्या मुठीकडे पाहिलं. अंगठा बाहेर होता. पाचव्या फेऱ्याला बुटकी उठली, कुंड्यांतली फुलं थरथरायला लागली. मला घाम फुटला होता. चाकं घोट्यापर्यंत सिमेंटात होती. मी न राहवून म्हणालो, मावशी, काय केलं या लोकांनी तुझ्या बुटकीचं.

"चाकं पुरली," ती म्हणाली. "इंजिन कुटं पुरलंय?"

तिने रॉकेलवर कॉक फिरवला. काठी लावून ऐकलं. कपाळाला आठी पडली नाही. थोड्या वेळाने मी घड्याळ पाहिलं, मला मुरबाडला पोचायचं होतं. तिचा खांदा दुखत होता म्हणून मीच पुढे झालो आणि बंद करायला हात घातला. मनगटावर फाडकन चापट बसली. तीच जुनी, वीस वर्षांत जोर तेवढाच.

"चालू तुमी केलीत. बंद मी करीन."

तिने कॉक परत पेट्रोलवर फिरवला आणि हातावर हात ठेवून उभी राहिली. रस्त्यावरून शहापूरची एसटी गेली, आतली माणसं वळून बघत होती. मी विचारलं, आता पेट्रोलवर कशाला घेतेस, ही आता कुठे जाणार आहे.

"जायाला नाय," ती म्हणाली. "मंगळवारी चालू व्हायला."

मग ती आवाज बदलायची वाट बघत उभी राहिली. मीही तिच्या शेजारी अनवाणी उभा राहिलो. पाच मिनिटं झाली, आवाज बदलला, तिने मान हलवली आणि इंजिन बंद केलं.